आधी चित्राची पाठ बघा, मुलाचा चेहरा सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. फ्रान्समधल्या लिऑं शहराजवळच्या गावातल्या एका लिलावात तुम्ही ९०० युरोंना एका लहान मुलाचं तैलचित्र घेतलंत. आकार ५५ बाय ४६ सेंटिमीटर. मूल चार-पाच वर्षांचं, अंगात पांढरा झगा, कमरेला हिरवट फीत, हातात छोटा पक्षी. यादीत लिहिलं होतं, ‘फ्रेंच परंपरा, अठरावं शतक, ग्रोझच्या धाटणीचं’. वरचा थर पिवळा-तपकिरी पडलाय. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: चित्र खरंच ग्रोझ या फ्रेंच चित्रकाराचं असेल का, मूल मुलगा आहे की मुलगी, इंटरनेटवर दाखवतात तसं कापलेल्या बटाट्यानं ते घरी साफ करता येईल का, आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीच्या घरी नेऊन लावलं तर चालेल का.

बटाट्याचं उत्तर आधी देते, कारण घाई तेवढ्याचीच आहे. नाही. बटाटा नको, कांदा नको, ब्रेड नको, स्पिरिट नको, ओलं फडकंसुद्धा नको. कारण पुढे येईलच.

तैलचित्रांच्या संवर्धनाचं काम मी बावीस वर्षं करते आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं पॅरिसमधल्या एका कार्यशाळेत गेली, आणि तिथे अठराव्या शतकातली व्यक्तिचित्रं सतत हाताखालून जायची. चित्र घेऊन येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा विचारायचा, ‘कुणाचं आहे?’ तुम्हीही तेच विचारलंय आणि ते साहजिक आहे. पण मला तुमच्या चारही प्रश्नांच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो: तुमच्या भिंतीवर जे आहे, त्यातलं अठराव्या शतकातलं किती आणि नंतर कुणी चढवलेलं किती? हे कळल्याशिवाय चित्रकाराचं नाव शोधणं म्हणजे पत्ता न बघता दार ठोठावणं. आणि लहान मुलांच्या चित्रांत हा प्रश्न मोठ्यांच्या चित्रांपेक्षा जास्त अवघड असतो. मुलाचा चेहरा ‘गोड’ करून विकणं सोपं असतं, आणि दोनशे वर्षांत तो मोह पुष्कळांना झालेला आहे.

नावाचा प्रश्न मात्र अर्धा तुमच्या यादीतच सुटलेला आहे. फ्रान्समध्ये लिलावाच्या यादीतली भाषा कायद्यानं बांधलेली आहे. ३ मार्च १९८१ चा एक सरकारी आदेश आहे, त्यात कुठल्या शब्दानं काय हमी मिळते ते ठरवून दिलंय. शतकाचं नाव घातलं, की वस्तू त्या शतकात तयार झाली याची हमी विकणाऱ्यानं दिली असं होतं. ‘आत्रिब्युए आ’ म्हणजे चित्र त्या चित्रकाराच्या काळातलं आहे आणि त्याचं असण्याची गंभीर कारणं आहेत. ‘एकोल द’ आणि पुढे चित्रकाराचं नाव, म्हणजे त्याच्या शिष्यवर्गातल्या कुणाचं, आणि ते त्याच्या हयातीत किंवा मृत्यूनंतर ५० वर्षांच्या आत रंगवलेलं. पण ‘दां ल गू द’, म्हणजे तुमच्या यादीतलं ‘धाटणीचं’, यात चित्रकाराबद्दल कसलीही हमी नाही. थोडक्यात, विकणाऱ्यानं तुम्हाला अठराव्या शतकाची हमी दिली आणि ग्रोझच्या नावाचा फक्त सुगंध दिला. लिलावाची पावती आणि यादीचं ते पान जपून ठेवा. चित्र अठराव्या शतकातलं नाही असं पुढे सिद्ध झालं, तर लिलाव करणाऱ्यावर आणि त्याच्या तज्ज्ञावर दावा करायला विक्रीच्या दिवसापासून ५ वर्षं असतात.

हा सुगंध तुमच्या भागात का दरवळतो, तेही सांगते. झाँ-बातिस्त ग्रोझचा जन्म १७२५ मध्ये तूर्न्यूचा. हे गाव तुमच्यापासून सोन नदीच्या काठाकाठानं उत्तरेला गेलं की लागतं. त्याचं सुरुवातीचं शिक्षण लिऑंमध्येच ग्रांदाँ नावाच्या चित्रकाराकडे झालं, आणि तो वारला पॅरिसमध्ये, १८०५ साली. मुलांचे, कोवळ्या मुलींचे नुसते खांद्यापर्यंतचे चेहरे त्यानं इतके रंगवले, आणि त्याच्या हयातीत व पुढच्या शतकात त्यांना इतकी मागणी होती, की नकला करणाऱ्यांचा तो एक धंदाच झाला. मेलेल्या पक्ष्यासाठी रडणारी त्याची मुलगी १७६५ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, लागली तेव्हा लेखक दीद्रोनं तिच्यावर पानंच्या पानं लिहिली. ती आज एडिनबरोला आहे. फुटका घडा घेतलेली मुलगी लूव्रमध्ये आहे. या दोघींच्या नकला मी स्वतः पोर्सेलीनवर, हस्तिदंतावर, बिस्किटांच्या जुन्या डब्यांवरसुद्धा पाहिल्या आहेत. म्हणून तुमच्या चित्रातल्या मुलाच्या हातात पक्षी आहे हे वाचून मला आनंद झाला नाही, मी सावध झाले. पक्षी हा त्या बाजाराचा आवडता दागिना होता.

इथे एक भेद लक्षात घ्या, पुढे सगळ्याला तो उपयोगी पडेल. त्या काळात मुलांची दोन प्रकारची चित्रं होत. एक, खरं व्यक्तिचित्र: कुणा सराफाचा, वकिलाचा, सरदाराचा एक विशिष्ट मुलगा, घरच्यांनी पैसे देऊन रंगवून घेतलेला. दुसरं, भावदर्शक चेहरा: मूल कुणाचंही असो, बघायचं ते त्याचं रडू, त्याची निरागसता, त्याचा भाबडेपणा. ग्रोझचे चेहरे बहुतेक या दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि नकला त्यांच्याच होतात. शेजारच्याच्या पोराचं चित्र नक्कल करून कोण विकत घेणार? त्याच शतकातल्या शार्दँ या चित्रकाराचा भोवरा फिरवणारा मुलगा घ्या. १७३८ च्या सालोंमध्ये तो लागला होता. ते चित्र बघताना आपण एका मुलाची एकाग्रता बघतो, पण तो मुलगा खराच होता. शार्ल गोदफ्रुआ नावाच्या जवाहिऱ्याचा तो धाकटा. आज चित्र लूव्रमध्ये आहे, जमलं तर जाऊन त्याचे हात बघा. पावडर लावलेले केस मागे फितीनं बांधलेले, अंगात मोठ्या माणसासारखा कोट, आणि हात मात्र अगदी पोराचे. असा अवघडलेपणा हे खऱ्या व्यक्तिचित्राचं लक्षण असतं. एखादा कान जरा बाहेर आलेला, एक भुवई वर, कपाळ जास्तच मोठं. नक्कल करणारा किंवा नुसता गोडवा विकणारा माणूस असल्या गोष्टी कशाला रंगवेल?

आता चित्र भिंतीवरून उतरवा, टेबलावर मऊ चादर घाला आणि ते पालथं न ठेवता एका कडेवर उभं धरून मागून बघा. माझ्या कार्यशाळेतला हा पक्का नियम आहे: पाठ आधी, कडा मग, पृष्ठभाग त्यानंतर, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा एकदा आवडला, की पुढचं काही दिसत नाही.

मागे बहुधा तुम्हाला मूळ कॅनव्हास दिसणारच नाही. दिसेल ते अस्तर. जुना कापड कुजका झाला, की त्याला पाठीमागून दुसरं कापड चिकटवायची पद्धत पॅरिसमध्ये अठराव्या शतकातच चांगली रुळली होती. गोदफ्रुआ आडनावाची एक विधवा (त्या जवाहिऱ्याशी तिचा संबंध जोडू नका) राजाच्या संग्रहातल्या चित्रांना अस्तर लावत असे. चिकटवायला वापरत ती सरस आणि कणकेची खळ. कडेला, जिथे कापड चौकटीवर दुमडलंय, तिथे भिंगातून बघा. कापडाचे दोन थर दिसले, तर अस्तर आहे. त्यानं निराश होऊ नका. त्या काळातलं, कधीच अस्तर न लागलेलं चित्र हाती येणं हीच दुर्मिळ गोष्ट आहे. उलट कापड एकच असेल, ताठ असेल, आणि कडेला खिळ्यांऐवजी यंत्रानं मारलेल्या पिना असतील, तर मी भुवया उंचावेन. तशा पिना विसाव्या शतकातल्या. अर्थात चौकट नंतर बदललेली असू शकते, म्हणून एकट्या पिनेवरून निकाल देऊ नये.

चौकटीचे कोपरे बघा. कोपऱ्यात लाकडी पाचरी ठोकून कॅनव्हास ताणता येईल अशी चौकट फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या मध्याला येऊ लागते. त्याआधीच्या चौकटींचे कोपरे पक्के जोडलेले असत. तुम्ही दिलेलं ५५ बाय ४६ हे माप मात्र काहीच सिद्ध करत नाही. पॅरिसचे कॅनव्हास विकणारे ठरावीक मापांचे कॅनव्हास अठराव्या शतकातही विकत आणि आजही विकतात. हे १० क्रमांकाचं माप आहे, तुमच्या गावातल्या रंगांच्या दुकानातही मिळेल. त्यापेक्षा कडेजवळ कापडाचं विणकाम बघा. कॅनव्हास पहिल्यांदा ताणला जातो तेव्हा प्रत्येक खिळ्याकडे धागे ओढले जातात, आणि वर रंगाखालचा तळाचा थर वाळला की ती ओढ लाटेसारखी कायमची राहते. चारही बाजूंना लाटा असतील, तर चित्र मूळ मापाचं आहे. एका बाजूला लाट नसेल, तर तिकडून चित्र कापलंय. अंडाकृती चित्रं चौकोनी करणं, किंवा आई-मुलाच्या मोठ्या चित्रातून नुसतं मूल कापून काढणं, हे दोन्ही मी पाहिलंय. तुमच्या चित्रात खांद्याजवळ दुसऱ्या कुणाच्या हाताचं बोट किंवा कापडाची घडी अर्धवट दिसत असेल, तर ते कळवा.

रंग जिथे उडालाय अशा एखाद्या बारीक जागी भिंग लावा. शतकाच्या पूर्वार्धातल्या फ्रेंच चित्रांत बऱ्याचदा खाली गेरूच्या रंगाचा थर आणि त्यावर राखाडी थर सापडतो. उत्तरार्धात ही तळाची तयारी फिकट होत जाते. घड्याळाइतकं नेमकं हे नाही, पण तळाचा थर दुधासारखा पांढरा, गुळगुळीत आणि यंत्रानं लावल्यासारखा सारखा असेल, तर चित्र एकोणिसाव्या शतकातलं असण्याकडे माझा कल जाईल.

मग पृष्ठभाग. खोलीत अंधार करा, टॉर्च चित्राच्या कडेला जवळजवळ समांतर धरा. पोपडे कुठे सुटलेत, कुठे फुगवटा आहे, तडे कसे गेलेत, सगळं उठून दिसेल. फ्रेंच अठराव्या शतकातल्या कॅनव्हासवरचे तडे बहुधा वळणदार असतात आणि त्यांच्यामध्ये मोठी मोठी बेटं राहतात. तडे चेहऱ्यावर येऊन अचानक थांबत असतील, तर तिथे नंतरचा रंग आहे. मूल आजारी पडल्यावर आपण अंगभर पुरळ बघतो. ते गालावरच नसेल तर गालाला काही लावलंय का, असा विचार येतोच ना, तसंच हे.

अतिनील किरणांचा छोटा टॉर्च विकत घ्या, नोटा तपासायला मिळतो तो सुरुवातीला पुरे. जुन्या झाडाच्या डिंकापासून केलेलं व्हार्निश त्याखाली हिरवट चमकतं, आणि त्यावर नंतर केलेली दुरुस्ती गडद डागांसारखी दिसते. पण एक सावधगिरी: दुरुस्ती व्हार्निशच्या खाली असेल तर चमक तिला झाकून टाकते. डाग दिसले तर दुरुस्ती आहे. दिसले नाहीत, म्हणजे नाहीच असं नाही.

आणि चित्र फ्रेममधून काढलंत, तर कडेची अर्ध्या-एक सेंटिमीटरची पट्टी बघायला विसरू नका. फ्रेमच्या खाचेखाली ती दोनशे वर्षं उजेडापासून वाचलेली असते. तुमची ‘हिरवट’ फीत त्या कडेपर्यंत जात असेल, तर तिथे ती निळी निघण्याची बरीच शक्यता आहे. निळ्या रंगावर पिवळं व्हार्निश चढलं की डोळ्यांना हिरवं दिसतं. शिवाय त्या काळात फितींसाठी वापरला जाणारा प्रशियन निळा हा रंग भरपूर पांढऱ्यात मिसळला, की उजेडात विटतो. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये योगायोगानं सापडला आणि काही वर्षांत युरोपभर पसरला. त्यामुळे तुमच्या फितीत तो सापडला, तरी त्यातून एवढंच कळेल की चित्र त्या शोधानंतरचं आहे. एकोणिसाव्या शतकातला नकलाकारही तोच रंग वापरत होता.

रंगांच्या तपासणीबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात, म्हणून थोडं थांबून सांगते. क्ष-किरणांवर चालणारं हातातलं यंत्र रंगाला न खरवडता त्यातली मूलद्रव्यं सांगतं. अठराव्या शतकात मुलाच्या त्वचेत काय असायचं? शिशापासून केलेला सफेदा, पाऱ्यापासून केलेला लाल हिंगूळ, थोडा गेरू, आणि गालांवर किरमिजी रंगाचा पातळ, पारदर्शक हात. यंत्राला शिसं आणि पारा दिसेल. जस्ताचा पांढरा तैलरंगात रुळतो तो एकोणिसाव्या शतकात, आणि टायटॅनियमचा पांढरा साधारण १९२० नंतर. पोराच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात टायटॅनियम सापडलं, तर ते डोळे तरी विसाव्या शतकातले आहेत. ही परीक्षा ‘नाही’ म्हणायला पक्की आणि ‘हो’ म्हणायला कच्ची असते. आणि ‘नाही’ही फक्त त्या एका ठिपक्याबद्दल असतं, सबंध चित्राबद्दल नाही.

आता चेहरा. मी पॅरिसमध्ये काम करत असताना एका बाईंनी आजीकडून आलेलं मुलाचं चित्र आणलं. तीन पिढ्या घरात त्याला ‘हसरा’ म्हणत होत्या. चित्र खरोखर हसत होतं. ओठांचे कोपरे वर वळलेले, गाल गुलाबी, डोळे किंचित वर, ग्रोझच्या मुलांसारखे. अतिनील प्रकाशात तोंडाभोवती गडद डाग दिसला आणि मोठ्या भिंगाखाली तडे ओठांच्या रंगाखालून जाताना दिसले. बाईंची परवानगी घेऊन आम्ही तो थर काढला. खाली पातळ ओठांचा, मिटल्या तोंडाचा, एका डोळ्यानं किंचित तिरळा मुलगा निघाला. मूळ रंग चांगला शाबूत होता. त्यावर रंगवायची गरजच नव्हती, कुणाला तरी तो मुलगा विकायला पुरेसा गोड वाटला नव्हता, एवढंच. बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘हा आमच्या घराण्यातला दिसतोय, माझ्या भावाचा डोळा असाच आहे.’ त्या दिवसापासून मी मुलांच्या चित्रातलं हसू शेवटी बघते.

पण तो थर काढायचा निर्णय प्रत्येक वेळी बरोबर ठरेल असं नाही. खाली काहीच उरलं नसेल, तर वरचं खोटं तोंडच शिल्लक राहिलेलं बरं. हे चित्रावर, मालकावर आणि कामाच्या खर्चावर अवलंबून आहे, आणि चित्र समोर असल्याशिवाय मी तरी सांगणार नाही.

मुलगा की मुलगी? इथे आजची नजर सगळ्यात जास्त फसवते. फ्रान्समध्ये मुलगे साधारण सहा-सात वर्षांचे होईपर्यंत झग्यातच असत, मग त्यांना विजार मिळे. शार्दँच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेच्या चित्रात (१७४०) झगा घातलेलं जे छोटं मूल आहे, ते मुलगा मानलं जातं, कारण खुर्चीला त्याचा ढोल अडकवलाय. आपल्याकडेही जावळ काढण्याआधीचं पोर आणि झबलं बघून कितीजण ‘कशी आहे छकुली’ म्हणतात! तेव्हा झगा आणि फीत यावरून काही ठरवू नका. हातातली वस्तू बघा, गळ्यात पदक किंवा निळा पट्टा आहे का बघा. डोक्यावर चुंबळीसारखी गादी भरलेली टोपी असेल, तर मूल नुकतं चालायला शिकलेलं आहे. पडलं तर लागू नये म्हणून ती घालत. तुमच्या मुलाच्या अंगात सुटसुटीत पांढरी मलमल आणि रुंद फीत असेल, तर काळाचा अंदाज थोडा बांधता येतो. शतकाच्या मधल्या दशकांपर्यंत श्रीमंतांची मुलं आतून काड्या घातलेल्या घट्ट कापडात आवळलेली दिसतात. १७६२ मध्ये विचारवंत रूसोनं मुलांना असं बांधून ठेवण्याविरुद्ध लिहिलं, आणि पुढच्या वीसेक वर्षांत मुलांच्या कपड्यांत मोकळेपणा आला. १७८० च्या दशकात पांढरी मलमल आणि फीत ही मोठी फॅशन होती. म्हणजे वेष खरा असेल तर १७८० च्या आसपासचं मूल. पण हाच वेष शंभर वर्षांनी नकलाकारांनी ‘जुन्या काळातलं’ म्हणून उचलला, हेही ध्यानात ठेवा.

साफसफाईकडे परत येते. तुम्हाला दिसतो तो पिवळेपणा दोन थरांचा आहे: वर धूळ, काजळी आणि धूर, खाली जुनं व्हार्निश. बटाट्यातला ओलावा वरची थोडी मळ काढतो, म्हणून व्हिडिओत जादू दिसते. व्हार्निशला तो काही करत नाही. पण तड्यांमधून पाणी आत शिरतं, खालचा सरस फुगतो आणि रंगाचा पोपडा उठतो; पिठूळ रस तिथेच राहतो आणि त्यावर बुरशी येते. आम्ही कार्यशाळेत मळ काढायला कधीकधी लाळ वापरतो, कापसाच्या बोळ्यावर, हे खरं आहे. तिच्यातली विकरं मळ सोडवतात. तेही रंग घट्ट आहे याची खात्री केल्यावर, इंचाइंचानं. व्हार्निश काढणं तर वेगळीच गोष्ट. त्या गालावरचा किरमिजी हात केसाइतकाही जाड नसतो आणि व्हार्निशबरोबर निघून जातो. दीद्रोनं द्रुए या चित्रकाराच्या चेहऱ्यांबद्दल तक्रार केली होती, की ते उत्तम खडूवर हिंगूळ लावल्यासारखे दिसतात. आज संग्रहालयांत काही मुलं खरोखर खडूसारखी पांढरी दिसतात, आणि त्यात चित्रकाराइतकाच उजेडाचा आणि घासून घासून साफ करणाऱ्या हातांचा दोष आहे. गेलेला गाल परत आणता येत नाही.

करून घ्यायचं असेल तर प्रशिक्षित माणसाकडून. फ्रान्समध्ये आंस्तित्यू नास्योनाल द्यू पात्रिमोआन (राष्ट्रीय वारसा संस्था) किंवा पॅरिस १ विद्यापीठाची पदवी असलेले संवर्धक आहेत, आणि त्यांच्या राष्ट्रीय महासंघाकडे सदस्यांची यादी मिळते. आधी फक्त लेखी तपासणी मागा. पूर्ण कामाचा खर्च तुमच्या ९०० युरोंच्या पुढे जाऊ शकतो. तेव्हा कदाचित मी म्हणेन, पोपडे पक्के करा, धूळ काढा, आणि पिवळेपणा राहू द्या.

पाठीमागे असलेला एकही कागद, मेणाचा शिक्का, आकडा किंवा खडूची खूण पुसू नका, आणि सगळ्यांचे फोटो काढा. यात एक गंभीर गोष्ट आहे. १९४० ते १९४४ या काळात फ्रान्समधल्या ज्यू कुटुंबांची हजारो चित्रं नाझींनी लुटली आणि त्यांच्या विभागाचे अक्षर-आकडे अनेकांच्या पाठीवर राहिले. परत आलेल्यांपैकी सुमारे दोन हजार वस्तू आजही वारस सापडेपर्यंत फ्रेंच संग्रहालयांच्या ताब्यात आहेत, त्यांची यादी सरकारच्या संकेतस्थळावर बघता येते. एका पोराचं चित्र कुठल्या तरी घराच्या बैठकीतून उचललं गेलं असेल, तर ते तुम्हाला आणि त्या घराला कळलं पाहिजे. १९३३ ते १९४५ मध्ये चित्र कुणाकडे होतं, हे लिलाव करणाऱ्याला लेखी विचारा.

राहिली रत्नागिरी. माझं मन नाही म्हणतं, आणि कारण साधं आहे. तुमच्या चित्राच्या पाठीला खळ आणि सरस असण्याची शक्यता मोठी आहे. कोकणात जुलैत हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. तेवढ्या दमटपणात सरसाची पकड सुटते आणि लिननचा कॅनव्हास आखडतो. वरचा रंग आखडत नाही, मग तो छपरासारखा उभा राहून गळतो. कणकेची खळ म्हणजे बुरशीला आणि झुरळांना वाढलेलं ताट. मुंबईत माझ्याकडे आलेलं असंच एक अस्तर लावलेलं चित्र दोन पावसाळ्यांत पाठीमागून हिरवं पडलं होतं. घरी न्यायचंच असेल तर ते पुण्यासारख्या त्यातल्या त्यात कोरड्या गावी न्या, बाहेरच्या भिंतीवर आणि देवघराच्या धुरात लावू नका, मागे हवा खेळेल असं अंतर ठेवून पाठीला पुठ्ठ्याचं संरक्षण द्या. आणि कायद्याचं बघा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी चित्रं खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाहीत. उद्या तुम्ही फ्रान्सलाच राहायचं ठरवलंत, तर चित्र परत नेणं तुमच्या हातात राहणार नाही. त्यामुळे आणण्याआधी सीमाशुल्काच्या जाणकाराला विचारा.

तोवर एक रविवार काढून लिऑंच्या ललित कला संग्रहालयात जा. तिथे ग्रोझचं ‘दानशूर बाई’ हे चित्र आहे. आजारी म्हाताऱ्याला पैशाची पिशवी द्यायला आई मुलीला पुढे करते आहे. त्या मुलीचा हात आणि तिच्या पाठीचा कणा बघा, ती पुढे जायला तयार नाही. मग घरी येऊन तुमच्या मुलाचा पक्षी धरलेला हात बघा. बोटांनी पक्ष्याचं वजन धरलंय, की बोटं नुसती चित्रात ठेवलीत? मला चेहऱ्याचा फोटो नको. पाठीचा, चारही कडांचा, आणि त्या हाताचा जवळून काढलेला फोटो पाठवा.